वजनकाटा, गोळीची वेळ आणि रात्रपाळी

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. ९ वर्षांपासून पार्किन्सन्स (कंपवात) आहे. आई गेल्यावर घरी देखभालीला ब्यूरोकडून घेतलेली माणसं टिकेनात, म्हणून ८ महिन्यांपूर्वी त्यांना पुण्याजवळच्या एका ज्येष्ठांच्या संकुलात ठेवलं. महिन्याला ५२ हजार देतो, अनामत ३ लाख भरली आहे. बाग आहे, भजन होतं, गणपती बसतो, माणसं गोड बोलतात. पण बाबांचे शर्ट खांद्यावरून उतरायला लागलेत. सकाळी फार जखडलेले असतात. दोनदा पडले, एकदा तर आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वयोमानाने होतंच." बाबा म्हणतात, "सगळं छान आहे." भाऊ न्यू जर्सीत असतो. दर रविवारी सकाळी ११ वाजता व्हिडिओ कॉल करतो आणि म्हणतो, "चांगले तर दिसतात, तू उगाच संशय घेतेस." मी नाशिकहून महिन्यातून दोनदा जाते. मी खरंच संशयी झालेय का? देखभाल चांगली की वाईट हे ठरवायचं कसं? बाबांना हलवू का?
— एक मुलगी, नाशिक

उत्तर : नमस्कार. तुम्ही संशयी नाही. वडील पडले हे मुलीला चौथ्या दिवशी कळावं, एवढ्या एका गोष्टीवरूनच प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे. आणि "वयोमानाने होतंच" हे उत्तर तुम्ही स्वीकारू नका. वय ८ महिन्यांपूर्वीही होतं. तेव्हा बसणारा शर्ट आता बसत नाही, तर त्याला कारण आहे आणि ते शोधता येतं.

बाग, भजन, गणपती यांना मी कमी लेखत नाही; बाबांचा दिवस त्यांनी बरा जातो. पण देखभाल कळते ती बाबांच्या शरीरावरून, तिथल्या वह्यांवरून आणि रात्री ड्युटीवर किती माणसं असतात त्यावरून.

सुरुवात वजनापासून करा. दाखल होतानाचं वजन आणि त्यानंतर दर महिन्याचं वजन लेखी मागा. चांगल्या ठिकाणी ही नोंद मागताक्षणी मिळते. महिन्याभरात ५ टक्के किंवा ६ महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरलं, तर डॉक्टरांनी कारण शोधलंच पाहिजे. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं महिन्यात ३ किलो किंवा ६ महिन्यांत ६ किलो. नोंदच नसेल तर तुमच्यासमोर वजन करायला लावा आणि पुढे दर महिन्याला त्याच काट्यावर, सकाळी नाश्त्याआधी, साध्या कपड्यांत.

अशा ठिकाणी पार्किन्सन्सच्या माणसाचं वजन उतरायचं एक कारण अगदी साधं असू शकतं: ताट लवकर उचललं जातं. हात थरथरतो, घास तोंडापर्यंत जाताना सांडतो, चावणं आणि गिळणं मंद होतं. अशा माणसाला एका जेवणाला ४० मिनिटं सहज लागतात. डायनिंग हॉल मात्र अर्ध्या तासात रिकामा करायचा असतो. मावशी ताट उचलताना विचारतात, "आजोबा, झालं ना?" आणि सौजन्याने आयुष्य काढलेला माणूस म्हणतो, "हो." पुढच्या खेपेला जेवणाच्या वेळी जा, काही न बोलता शेजारी बसा, ताट कधी आलं, कधी उचललं आणि त्यात काय उरलं ते बघा. जेवताना ठसका लागतो का, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होतो का, कवळी हलते का, हेही बघा. ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी हवी. पाठ सरळ ठेवून बसवून भरवायचं आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. आडव्या माणसाला घाईने भरवलं की अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांना सगळ्यात मोठा धोका याचाच असतो.

आता गोळ्या. सकाळच्या जखडलेपणामागे बहुधा हेच निघेल. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध; त्याची गोळी (सिंडोपा वगैरे) घड्याळाप्रमाणे द्यावी लागते, साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने. दूध, पनीर, डाळ यांतली प्रथिनं तिचं शोषण अडवतात. पण पुष्कळ ठिकाणी सगळ्यांच्या गोळ्या एका ट्रेमधून नाश्त्याबरोबर वाटतात. रक्तदाबाच्या गोळीला त्याने फारसं बिघडत नाही. तुमच्या बाबांची सकाळ मात्र जाते. ७ ची गोळी ९ वाजता दुधाबरोबर मिळाली की ११ पर्यंत माणूस लाकडासारखा. गोळीचा असर एकदा आला की ११ च्या सुमारास तो हसतो, बोलतो. तुमच्या भावाला रविवारी बाबा चांगले दिसतात, कारण तो कदाचित त्यांचा दिवसातला सर्वोत्तम तास असेल. भावाला सांगा, कॉलची वेळ दर आठवड्याला बदल. एकदा सकाळी ७ ला, एकदा जेवताना, एकदा रात्री ९ ला.

औषधांच्या तक्त्यात काय शोधायचं तेही सांगते. प्रत्येक डोसासमोर वेळ आणि देणाऱ्याची सही असायला हवी. दुपारी ४ वाजता तक्ता बघितला आणि रात्री ९ च्या डोसासमोर सही आधीच झालेली दिसली, तर त्या कागदावर विसंबू नका. महिन्याभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच हाताच्या, एकाच तिरकसपणाच्या असतील तरी तेच, कारण तीन पाळ्यांत एकच माणूस नसतो. मग हिशेब करा. दिवसाला ४ गोळ्या म्हणजे ३० दिवसांत १२०. मेडिकलच्या बिलांत ९० च दिसत असतील आणि आधीचा साठा नसेल, तर ३० डोस पोटात गेलेले नाहीत. बिलांची ही पडताळणी न्यू जर्सीत बसून करता येते, म्हणून ती भावाकडे सोपवा. त्याला शंका पटण्याचा तो सगळ्यात सरळ मार्ग आहे.

चक्कर येते म्हणून स्टेमेटिल, उलटी होते म्हणून मेटोक्लोप्रमाइड, रात्री गडबड करतात म्हणून हॅलोपेरिडॉल, ही औषधं पार्किन्सन्स वाढवतात. न्यूरोलॉजिस्टला न विचारता यातलं काही दिलं गेलं आहे का ते तक्त्यात तपासा, आणि बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ही तीन नावं लाल अक्षरांत लिहून "देऊ नये" असं लिहून द्या. चालू औषधं मात्र तुम्ही परस्पर बदलू किंवा बंद करू नका. लेव्होडोपा एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

पडण्याबद्दल. प्रत्येक पडण्याची नोंद हवी: वेळ, जागा, पायात काय होतं, कोण जवळ होतं, डोक्याला लागलं का, डॉक्टरांनी कधी पाहिलं, घरी कधी कळवलं. पार्किन्सन्समध्ये आणि त्याच्या औषधांनीही उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतो. ५ मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब मोजायचा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचं एक कारण हातात आलं. असं मोजलंय का, हे तिथल्या सिस्टरना विचारा. दोनदा पडलेल्या माणसाच्या बाबतीत "नाही" हे उत्तर यायला नको. पडणं पूर्णपणे टाळता येत नाही, ते घरीही झालं असतं. पडल्यानंतर काय बदललं, यावरून जागेची परीक्षा होते. कमोडजवळ दांडी लावली का, रात्रीचा दिवा लावला का, बाथरूमला न्यायची वेळ ठरवली का?

रात्रपाळीचं गणित तर तुम्हीच मांडून बघा. "एकूण स्टाफ किती" असं विचारू नका. त्यात माळी, स्वयंपाकी, ऑफिसातले सगळे मोजले जातात. विचारा की रात्री १० ते सकाळी ६ बाबांच्या मजल्यावर किती मावशी-मामा असतात आणि नर्सिंगचं शिक्षण घेतलेलं कोण असतं. समजा ४० जण आहेत आणि रात्री दोन माणसं. त्यातल्या १० जणांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, डायपर बघायचा. दोघांनी मिळून एकाला १० मिनिटं धरली तरी १०० मिनिटं झाली. दोन तासांतली २० मिनिटं उरली, आणि त्यात ३० जणांच्या बेल. मग बेलला उत्तर येत नाही, माणूस एकटा उठतो आणि पडतो. तिथल्या मावशी वाईट असतात म्हणून हे होत नाही, माणसं कमी नेमलेली असतात म्हणून होतं. त्यामुळे राग त्यांच्यावर काढू नका. किती जणी वर्षाहून जास्त टिकल्या आहेत ते मात्र जरूर विचारा. माणसं दर दोन महिन्यांनी बदलत असतील तर बाबांची गोळी जेवणाआधी द्यायची असते, हे दर दोन महिन्यांनी नव्याने शिकवावं लागेल.

या खेपेला बाबांना अंघोळ तुम्ही किंवा घरातल्या एखाद्या पुरुषाने घाला. पाठ, माकडहाड, खुबे, टाचा नीट बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर तो पांढरा होत नसेल तर बेडसोअरची (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे. पार्किन्सन्सच्या माणसाला रात्री अंग जखडल्याने कूस बदलता येत नाही, म्हणून तो चालता-फिरता असूनही हे होऊ शकतं. दंडावर बोटांचे वण, मनगटावर बांधल्याच्या खुणा, कोरडी जीभ, वाढलेली नखं बघा. पाण्याबद्दल खास विचारा. डायपर कमी वेळा बदलावा लागावा म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देण्याची पद्धत काही ठिकाणी असते. त्यातून बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग आणि भ्रम होतो, आणि मग तेही "वयोमान" ठरतं.

भेटीची वेळ बदला. सकाळी ७ ला, रात्री साडेसातनंतर, सणाच्या सुट्टीत जा. "भेट फक्त ४ ते ६" असा नियम असेल तर कारण विचारा. मुलीला जेवणाच्या वेळी येऊ न देण्याला मला तरी पटेल असं कारण नाही. खोलीतली बेल दाबा आणि घड्याळ बघा. पॅसेजमध्ये कायम लघवीचा वास येत असेल तर ते वाईटच, पण सतत फिनाइलचाच भपका येत असेल तरी दोन-तीन वेगळ्या वेळी जाऊन खात्री करा.

बाबांशी बोलायचं ते संकुलाबाहेर, गाडीत किंवा देवळात. "सगळं ठीक ना?" या प्रश्नाला "छान" हेच उत्तर येणार, कारण तुम्हाला त्रास नको हे त्यांना वाटतं, आणि कदाचित तिथल्या माणसांची भीतीही. विचारा: काल रात्री बाथरूमला कोणी नेलं? नाव काय त्यांचं? उठल्यावर गोळी आधी मिळाली की चहा? आवाज बारीक झालेला असतो आणि उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा थांबा. या आजारात भासही होतात, त्यामुळे एखादी गोष्ट विचित्र वाटली तर झटकू नका आणि लगेच आरोपही करू नका, नोंदीशी ताडून बघा.

कायद्याबाबत थोडक्यात. महारेराने (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली, पण ती लिफ्ट, रॅम्प, दारांची रुंदी अशा बांधकामाबद्दल आहे. गोळी वेळेवर मिळते की नाही ते त्यातून कळत नाही. म्हणून तुमचा करारनामाच वाचा: अनामत किती दिवसांत परत, किती दिवसांची नोटीस, देखभाल वाढली तर दर किती वाढणार, रात्री हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाणार. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. छळ किंवा दुर्लक्ष दिसलं तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८, मोफत.

हलवायचं का? बांधून ठेवलेलं आढळलं, न विचारता गुंगीचं औषध दिलेलं आढळलं, जखम लपवलेली निघाली किंवा नोंदी दाखवायला साफ नकार मिळाला, तर दुसरी जागा ताबडतोब शोधा. यातलं काही नसेल तर मी आधी एक महिना देईन. पार्किन्सन्सच्या माणसाला नवी जागा, नवी माणसं मानवायला आठवडे लागतात, त्या काळात भ्रम वाढतो आणि पडण्याचा धोकाही. शिवाय नव्या जागेतही रात्री दोनच माणसं निघाली तर हाल तेवढे व्हायचे.

त्या महिन्यासाठी चारच मागण्या एका कागदावर लिहा. लेव्होडोपा ठरलेल्या वेळी, जेवणाआधी, वेळ आणि सहीसकट. दोन्ही जेवणांना ४० मिनिटं आणि जवळ एक माणूस. त्याचे जादा पैसे मागितले तर आकडा लेखी घ्या, वाजवी असेल तर द्या. दर सोमवारी वजनाचा आकडा फोनवर. आणि पडणं, ताप, हॉस्पिटल यातलं काहीही झालं तर एका तासात तुम्हाला फोन, दिवस असो की रात्र. आरोपाचा सूर नको. मेट्रनना सांगा की आपल्याला मिळून बाबांचं वजन उतरणं थांबवायचंय. प्रत देऊन पोच घ्या, शिवाय ईमेलही करा. चार सोमवारांचे आकडे, औषधांच्या तक्त्याचे फोटो आणि पडण्याच्या तारखा घेऊन बाबांना न्यूरोलॉजिस्टकडे न्या. वजन तोवर उतरतच असेल आणि डॉक्टरांना आजारात तसं कारण सापडलं नाही, तर जागा सोडायची नोटीस द्या.