घुमटाला तडा गेला, आता फायर वीट कुठून आणू?

प्रश्न : मानेवाड्याला घरामागे ब्रेड भाजायला लाकडावरची घुमटाची भट्टी बांधून घेतली. मिस्त्रीने फ्लाय ॲशच्या विटा आणि सिमेंट-रेती वापरली. तिसऱ्याच पेटवणीला फाडकन आवाज होऊन तडा गेला, आतून पोपडे गळतात. फायर विटा (आच सोसणाऱ्या) आणि त्यांचा मसाला नागपुरात थोड्या प्रमाणात मिळेल का? दीडशे विटांसाठी कुणी नीट बोलतही नाही.
— एक भगिनी

उत्तर : ताई, आधी पेटवणं थांबवा. तडकलेला घुमट कशाच्या आधाराने उभा आहे, ते बाहेरून कळत नाही.

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेमुळे आपल्याकडे फ्लाय ॲशच्या विटा जिकडेतिकडे. भिंतीला चांगल्या, पण त्या भाजलेल्या नसतात. सिमेंट किंवा चुना त्यांना धरून ठेवतो. साधारण ४५० अंश सेल्सिअसपुढे सिमेंटची पकड सुटू लागते, आतला चुना मोकळा होतो आणि भट्टी निवली की हवेतली ओल पिऊन फुगतो.

हिंगण्याच्या एमआयडीसीत मी एकतीस वर्षं भट्ट्यांना अस्तर लावलं. हार्डवेअरच्या दुकानात फिरू नका. हिंगणा, बुटीबोरीच्या फाउंड्र्यांना (धातू ओतण्याच्या कारखान्यांना) माल देणाऱ्यांकडे ‘रिफ्रॅक्टरी’ म्हणून विचारा, आणि मोठ्या कामातून उरलेल्या कोऱ्या विटा आहेत का तेही विचारा. दीडशे नग असेच सुटतात. ‘आयएस ६’ या भारतीय मानकाची, मध्यम आचेची वीट ब्रेडला भरपूर झाली, ‘आयएस ८’ त्याहून कडक आचेची, तिच्यावर पैसे घालू नका. माप २३० × ११५ × ७५ मिलिमीटर, वजन चार किलोच्या आसपास. दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत वाजली तर घ्या; बद्द वाजली तर आत चीर आहे. वापरलेल्या विटा स्वस्त पडतात, पण काचेसारखी चकाकी धरलेली किंवा काळपट, जड वीट खाण्याच्या भट्टीत नको. काळपट विटेत क्रोम असू शकतं आणि ते तापून विषारी होऊ शकतं.

खरी मेख मसाल्यात आहे. फायर क्ले (आच सोसणारी माती) एक भाग आणि पक्क्या फायर विटेची चाळलेली भुकटी दोन भाग, घट्ट ताकासारखं कालवा. वीट पाण्यात बुडवून काढा, मसाला लावा आणि लाकडी हातोडीने ठोकत दरज दोन-तीन मिलिमीटरवर आणा. जाड दरज आधी गळते. मात्र ही माती हजार अंशांच्या पुढेच पकते. ब्रेडच्या आचेला ती नुसती सुकलेली राहते, पाणी लागलं की विरघळते. म्हणून घुमटासाठी ‘एअर सेटिंग’ मसाल्याची बॅग घ्या, तो आच न लागता नुसत्या हवेवरच घट्ट होतो. या दोन्हींत सिमेंटची एक चिमूटही टाकू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणो.

घुमटावर बाहेरून माती आणि कुटाराचा (भुशाचा) चार बोटं जाड थर द्या. कुटारामुळे थरात बारीक पोकळ्या राहतात, ऊब आत राहते.

बांधून झाल्यावर आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग पाच दिवस रोज थोडी थोडी आच वाढवा: पहिल्या दिवशी नुसत्या काड्या, हात लावून कोमट लागेल इतकंच. ओल एकदम वाफ झाली की पुन्हा तोच फाडकन आवाज. वर टिनाचं छत हवंच, आणि पावसाळ्यात भट्टी बंद राहिली तर पहिल्या पेटवणीला पुन्हा काड्यांपासून सुरुवात करा.