आवाज वाढवला की खरखरही का वाढते?

प्रश्न : माझ्याकडे मीडियम वेव्हचा जुना रेडिओ आहे. दिवसा आकाशवाणीच्या बातम्या स्वच्छ ऐकू येतात. पण संध्याकाळी खोलीतला एलईडी दिवा लावला की खरखरीत निवेदकाचे शब्द हरवतात. आवाज वाढवावा, तर खरखरही तेवढीच वाढते. जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर बसवून उपयोग होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ॲम्प्लिफायरवर कृपया खर्च करू नका. निवेदकाचा आवाज कोणता आणि खरखर कोणती, हे ॲम्प्लिफायरला ओळखता येत नाही. आत येईल ते सारे तो सारख्याच पटीने वाढवतो आणि स्वतःच्या सर्किटमध्ये निर्माण होणारा थोडा गोंगाटही त्यात मिसळतो. शब्द कळणार की नाही, हे संदेश किती जोरात आहे यापेक्षा त्याची शक्ती गोंगाटाच्या शक्तीच्या किती पट आहे, यावर ठरते. यालाच ‘सिग्नल-टू-नॉइज रेशो’ म्हणतात. तो डेसिबलमध्ये मोजतात : १० डेसिबल म्हणजे १० पट, २० म्हणजे १०० पट, ३० म्हणजे १००० पट, आणि शून्य डेसिबल म्हणजे दोन्ही अगदी बरोबरीला.

आपल्या घरी दिवा लावल्याने आकाशवाणीचा संदेश क्षीण झालेला नाही, गोंगाट वाढला आहे. एलईडी दिव्यातले सर्किट विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते आणि त्यातून उठणाऱ्या लहरी मीडियम वेव्हच्या सुमारे ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येऊन पडतात. या पट्ट्यावर आवाज लहरीच्या उंचीतील चढउतारांतून पाठवला जातो आणि गोंगाटही नेमकी तीच उंची बिघडवतो. म्हणून एफएमपेक्षा इथे त्रास अधिक जाणवतो.

हे गुणोत्तर केवळ रेडिओपुरते नाही. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले, की कोणत्याही मार्गाने किती वेगाने बिनचूक माहिती पाठवता येईल, याची कमाल मर्यादा त्या मार्गाच्या पट्ट्याची रुंदी आणि हे गुणोत्तर मिळून ठरवतात. १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात ३० डेसिबलला ती मर्यादा सेकंदाला सुमारे १ कोटी बिट (बिट म्हणजे ० किंवा १ एवढा माहितीचा सर्वांत लहान तुकडा) असते, तर २० डेसिबलला सुमारे ६७ लाख. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारताना माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट कमी असलेला परिसर मुद्दाम निवडला गेला, तोही याच कारणाने. एकदा आत शिरलेला गोंगाट नंतर उपसून काढणे फार कठीण असते, आणि आपल्या रेडिओलाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून आधी दिवा बंद करून खरखर थांबते का, ते पाहावे; रात्री दूरची केंद्रेही मध्ये येतात, त्यामुळे दोष दिव्याचाच आहे याची खात्री करून घेतलेली बरी. मग रेडिओ विजेच्या जोडणीऐवजी सेलवर चालवावा, दिव्यापासून आणि भिंतीतल्या वायरिंगपासून दूर ठेवावा आणि सावकाश गोल फिरवत राहावे. रेडिओच्या आत अँटेनाचे काम करणाऱ्या फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कांडीचे टोक ज्या दिशेला असते, त्या दिशेकडून येणाऱ्या लहरी ती सर्वांत कमी पकडते. ही ‘बहिरी’ दिशा अरुंद असते, उलट चांगले ऐकू येण्याचा कोन बराच रुंद असतो. त्यामुळे केंद्र आणि दिवा एकाच रेषेत नसतील, तर केंद्राचा आवाज फारसा न गमावता खरखर पुष्कळ खाली आणता येते. जिथे ती सर्वांत कमी होईल, तिथे रेडिओ स्थिर ठेवावा.