नायट्रो ट्रकसाठी स्टीअरिंग आणि थ्रॉटल, दोन्ही सर्व्हो २५ किलोचेच घ्यावेत का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: रिमोटवर चालणारा १/१० मापाचा नायट्रो (म्हणजे इंधनाच्या इंजिनाचा) मॉन्स्टर ट्रक आहे, मूळचे दोन्ही सर्व्हो (सिग्नलप्रमाणे शाफ्ट ठरावीक कोनात फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) गेलेत, रिसीव्हरला (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाला) चार एए सेलचा डबा आहे आणि खर्च फार करायचा नाही. म्हणून ऑनलाइन सगळीकडे दिसणारे ‘२५ किलो’वाले स्वस्त डिजिटल सर्व्हो जोडीनेच मागवावेत का?

नको. निदान जोडीने तरी नको, आणि त्या सेलच्या डब्यावर तर अजिबात नको.

या दोन सर्व्होंची कामं मुळात वेगळी आहेत. स्टीअरिंगचा सर्व्हो रुंद, जड टायर जमिनीवर घासत वळवतो आणि दगडावर चाक आपटलं की तो दणका आधी त्याच्याच गिअरना बसतो. थ्रॉटलचा सर्व्हो एका बाजूला कार्ब्युरेटरची स्लाइड ओढतो आणि दुसऱ्या बाजूला ब्रेकचा कॅम दाबतो. तिथे दणके बसत नाहीत. तेव्हा पैसे स्टीअरिंगवर घाला आणि थ्रॉटलला हात आखडता घ्या. पण दोन्हीच्या आधी बॅटरीकडे बघा.

‘२५ किलो’ म्हणजे २५ किलो-सेंमी, म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून १ सेंमीवर तेवढा जोर. तोही सर्व्हो जाम होऊन थांबतो त्या क्षणाचा, आणि बहुधा ६.८ किंवा ७.४ व्होल्टवरचा. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात ५ किंवा ६ व्होल्टचा आकडा असतो, तो वाचा. तुमच्यासाठी तोच खरा. हॉर्नच्या (शाफ्टवर बसणाऱ्या दांडीच्या) २ सेंमीवरच्या भोकात रॉड लावलात तर त्यातलाही निम्माच जोर रॉडला मिळतो. परदेशी पानांवर आकडा औंस-इंचात असेल तर साधारण १४ ने भागा.

आता डब्याचं बघू. या वर्गातले सर्व्हो अडकले की दोन-अडीच अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतात. चार अल्कलाइन सेल नवे असताना ६ व्होल्ट दाखवतात खरे, पण एवढ्या ओढीला त्यांचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! सर्व्हो तर मंदावतोच, पण खरा धोका रिसीव्हरचा आहे. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेला की रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो. इलेक्ट्रिक गाडीत अशा वेळी सहसा मोटर थांबते. नायट्रोत इंजिनाला याची खबरही नसते. थ्रॉटल जिथे होता तिथेच राहतो आणि ट्रक सुसाट निघून जातो. रिसीव्हरमधला फेलसेफ इथे कामाला येत नाही, कारण तो सिग्नल तुटल्यावर सर्व्होला ब्रेककडे नेतो, आणि त्यासाठी रिसीव्हरला वीज हवी.

म्हणून पहिली खरेदी पाच सेलच्या एनआयएमएच (पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल सेलच्या) पॅकची. १.२ व्होल्टचे पाच म्हणजे ६ व्होल्ट. हा पॅक करंटची ओढ डब्यातल्या सेलपेक्षा कितीतरी बरी सोसतो, शिवाय सेलच्या ढिल्या स्प्रिंगची भानगड संपते. कोणी दोन सेलचा लिपो (लिथियम पॅक) सुचवेल. तो पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट देतो. ६ व्होल्टचा साधा सर्व्हो त्यावर जळतो, त्यामुळे रिसीव्हर आणि दोन्ही सर्व्हो तेवढा व्होल्टेज सोसणारे असतील तरच त्या वाटेला जा.

(हे वाचणाऱ्या कोणाचा ट्रक इलेक्ट्रिक असेल तर थ्रॉटल सर्व्होचा प्रश्नच नाही, ते काम ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, करतो. तुम्ही फक्त ईएससीचा बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारा भाग, किती अँपिअर देतो ते बघा. तो कमी पडला तर वेगळा बीईसी लावता येतो.)

स्टीअरिंगला तुमच्या मापाच्या ट्रकसाठी ६ व्होल्टवर खरे १० ते १५ किलो पुरतात. वेग ६० अंशाला ०.१५ ते ०.१८ सेकंद असला तरी चालेल, ०.१० च्या मागे शर्यतवाल्यांनी लागावं. गिअर मेटलचे हवेत, आणि शाफ्टला बेअरिंग आहे ना ते बघा. ओळखायची सोपी खूण म्हणजे सर्व्होला वीज देऊन हॉर्न दोन बोटांत धरून हलवायचा. गिअर थोडे कटकटले तर ठीक, पण शाफ्टच वरखाली डुलत असेल तर परत पाठवा. ट्रक नायट्रो असल्यामुळे एक्झॉस्टचं तेल सगळीकडे झिरपतं, म्हणून सील केलेला वॉटरप्रूफ सर्व्हो घेतलेला बरा. डिजिटल की अ‍ॅनालॉग यावर या बजेटात डोकं शिणवण्यात मला अर्थ वाटत नाही. डिजिटल जागा घट्ट धरतो, पण वीज जास्त खातो. बस.

एमजी९९६आर नावाचा सर्व्हो सगळ्यात स्वस्तात दिसेल. कागदावर तो ६ व्होल्टला ११ किलो आहे. पण त्या नावाने नकला इतक्या विकल्या जातात की हातात काय पडेल ते नशीब. माझी मुख्य तक्रार जोराबद्दल नाही. हा प्रकार मध्यावर परत येताना दरवेळी थोडा इकडेतिकडे थांबतो, मग सरळ रस्त्यावर ट्रक एका बाजूला ओढत राहतो. ट्रिमने (हातातल्या ट्रान्समीटरवर मध्य जरासा सरकवायची सोय) ते जात नाही, कारण चूक दरवेळी वेगळी असते. आणि थ्रॉटलला तर मध्यच महत्त्वाचा. तो चुकला की एकदा ब्रेक घासत राहतो आणि पुढच्या वेळी इंजिनाचा आयडल (थ्रॉटल न देता चालतानाचा वेग) चढतो. म्हणून थ्रॉटलला नावाजलेल्या कंपनीचा साधा ४ ते ६ किलोचा स्टँडर्ड सर्व्हो मी अनोळखी २५ किलोपेक्षा केव्हाही आधी घेईन. तिथे नायलॉन गिअरही पुरतात.

मागवताना फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. हेच स्वस्त सर्व्हो रोबोटवाल्यांसाठीही बनतात, त्यामुळे एकाच चित्राखाली १८०, २७० आणि ३६० अंश असे पर्याय येतात. १८० च घ्या. २७० वाला त्याच सिग्नलला जास्त फिरतो, म्हणजे ट्रान्समीटरवरचं स्टिअरिंग व्हील जरासं हलवलं तरी चाकं टोकाला जातात. ३६० वाला तर मध्यावर परत येतच नाही, व्हील वळवलेलं असेपर्यंत नुसता गोल फिरत राहतो. दुसरी गोष्ट हॉर्नच्या दात्यांची: फुटाबा पद्धतीच्या शाफ्टला २५ दाते असतात, हायटेकच्या बऱ्याच सर्व्होंना २४, जेआर आणि सान्वाला २३. तुमच्याकडचा हॉर्न किंवा सेव्हर (गिअरला दणका बसू न देणारा स्प्रिंगवाला हॉर्न) कोणत्या दात्यांचा आहे ते मोजूनच मागवा. ठोकून बसवलेला हॉर्न शाफ्टचे दाते खातो. जुन्या सर्व्होला तीनच वायर आहेत ना तेही बघून घ्या. काही गाड्यांत पाच वायरींचा सर्व्हो असतो, त्याचं सर्किट रिसीव्हरच्या बोर्डावर असतं आणि तिथे तीन वायरींचा बसत नाही.

सर्व्हो नवा घालूनही चाकं वळेनात अशी ओरड नंतर पुष्कळ जण करतात. सर्व्होला शिव्या घालण्याआधी सेव्हर बघा. ट्रक जमिनीवर ठेवून स्टीअरिंग पूर्ण फिरवा आणि वरून नजर ठेवा. हॉर्न टोकापर्यंत गेला पण चाकं अर्ध्यातच थांबली, तर मधली स्प्रिंग दबते आहे. जोर कितीही वाढवा, तो स्प्रिंगच खाणार. तिचा कॉलर थोडा थोडा आवळत जा. पूर्ण जाम मात्र करू नका, नाहीतर दणका सरळ गिअरवर जाईल.

यानंतर ट्रक उचलून चाकं हवेत असताना स्टीअरिंग टोकाला धरून ठेवा. सर्व्हो गुणगुणत राहिला तर चाकं अडल्यावरही तो ढकलतोय. ट्रान्समीटरवर ईपीए (सर्व्होने टोकाला किती फिरायचं ती मर्यादा) त्या बाजूला टक्क्याटक्क्याने कमी करा, आवाज थांबेपर्यंत. दोन्ही बाजू वेगवेगळ्या लावा. स्वस्त सर्व्हो जळण्याचं माझ्या पाहण्यातलं सर्वात मोठं कारण हेच आहे.

थ्रॉटललाही तेच: स्लाइड पूर्ण उघडली की सर्व्हो थांबला पाहिजे, आणि ब्रेकच्या रॉडवर कॉलरआधी जरा मोकळी जागा हवी, म्हणजे न्यूट्रलला डिस्क घासणार नाही. मग इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढा, थ्रॉटल अर्धा उघडा आणि ट्रान्समीटर बंद करा. स्लाइड मिटून ब्रेक लागला म्हणजे फेलसेफ बरोबर लावला आहे. पुन्हा अर्धा उघडा आणि या वेळी रिसीव्हरच्या पॅकचा प्लग उपटा. स्लाइड उघडीच राहिली तर कार्ब्युरेटरच्या लिंकेजला रिटर्न स्प्रिंग लावा. जाड रबरबँडवरही काम भागतं, पण इंधनाने ते लवकर सडतं, दर वेळी बघून बदला. ही स्प्रिंग बंद सर्व्होलाही मागे ओढण्याइतकी कडक हवी. वर सांगितलेला साधा हलका सर्व्हो असा सहज मागे फिरतो. २५ किलोवाल्याचे गिअर मागे फिरवायला फार कडक स्प्रिंग लागते, आणि मग तीच स्प्रिंग ताणत राहण्यात पॅक रिकामा होतो.