स्प्रिंट संपतो, स्टोऱ्या उरतात: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या प्रश्नांमध्ये पुण्याच्या आयटी भागांत, हिंजवडीपासून खराडीपर्यंत, सूर एकच आहे. माणसं हुशार आहेत, उशिरापर्यंत बसतात, तरी कबूल केलेलं काम कबूल केलेल्या दिवशी हातात पडत नाही. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत आणि कंपन्यांची, क्लायंटची नावं काढली आहेत. नव्या वाचकांसाठी: स्प्रिंट म्हणजे सॉफ्टवेअरचं काम संपवायचा ठरावीक छोटा टप्पा, स्टोरी म्हणजे त्यातलं एक छोटं काम. अशा टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीला अजाइल म्हणतात, स्क्रम हा तिचा एक प्रकार.

आमची सात जणांची टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. बोर्डवर कायम 14 स्टोऱ्या सुरू दिसतात, पूर्ण होतात सातच. डेव्हलपमेंट वेळेत होतं, पण टेस्टिंग शेवटच्या दोन दिवसांत अंगावर येतं. मॅडम, आणखी एक टेस्टर मागून घेऊ का? (टीम लीड, बाणेर)

मागा, पण आधी तुम्हीच दिलेल्या आकड्यांचा भागाकार करा. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. आपल्या भाषेत सांगायचं तर हातात असलेली अर्धवट कामं भागिले एका ठरावीक काळात संपणारी कामं म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. तुमच्याकडे 14 भागिले सात, म्हणजे दोन स्प्रिंट. कामाचे 20 दिवस. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ज्या स्टोरीला चार आठवडे लागतात ती पुढे ढकलली जाणारच, त्यात कुणाचा आळस नाही. तेच सुरू कामांवर पाचची मर्यादा घातलीत आणि संपण्याचा वेग तोच राहिला, तर पाच भागिले सात, म्हणजे स्प्रिंटच्या दहा दिवसांतले साधारण सात दिवस. सगळे सरासरीचे आकडे आहेत, एखादी स्टोरी हट्टी निघेलच. पण दिशा हीच.

मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या चौघी आणि तवा एक, अशी तुमची अवस्था आहे. लाटण्याचा वेग वाढवून ताटात पोळी लवकर पडत नाही, ओट्यावर लाटलेल्या पोळ्यांची चळत फक्त वाढते. म्हणून डेव्हलपरचं कोडिंग संपलं की त्याने पुढची स्टोरी उचलायची नाही. टेस्टरशेजारी बसायचं, रिग्रेशनच्या (जुनं काही बिघडलं नाही ना, हे पाहणाऱ्या) केसेस ऑटोमेट करायला घ्यायच्या, कुणाचा कोड रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) अडकला असेल तो मोकळा करायचा. रिव्ह्यूसाठी दोन-दोन दिवस पडून राहिलेला कोड कितीतरी बोर्डांवर ‘इन प्रोग्रेस’ म्हणून मिरवत असतो.

यावर पहिली हरकत तुमच्या मॅनेजरची येईल: “मग तो डेव्हलपर रिकामा बसला ना?” बसू दे. रांगांच्या सगळ्यात साध्या गणितात माणूस 80 टक्के भरलेला असेल तर त्याच्यापुढे थांबण्याचा वेळ प्रत्यक्ष कामाच्या चौपट असतो, 90 टक्क्यांना तो नऊपट होतो. कपॅसिटीच्या एक्सेल शीटमध्ये प्रत्येकासमोर शंभर टक्के लिहिणाऱ्यांना हे पटवणं, हे टीम लीडचं खरं काम आहे. टेस्टरचा विषय त्यानंतर काढा. कदाचित तेव्हाही तो लागेल.

आमची वेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये संपलेल्या स्टोऱ्यांच्या पॉइंटची बेरीज) 32 आहे, शेजारच्या टीमची 50. पुढच्या क्वार्टरपर्यंत आम्हीही 50 गाठावी असं वरून सांगितलं आहे. कसं करू? (स्क्रम मास्टर, वाकड)

सोपं आहे. आज तीन पॉइंटची वाटणारी स्टोरी उद्यापासून पाचची धरा. गाठलीत पन्नाशी.

थट्टा करते आहे, पण दबाव टाकला की टीम नेमकं हेच करते, आणि कुणाला खोटं बोलल्यासारखंही वाटत नाही. पॉइंट हे स्टोरीच्या आकाराचं त्या-त्या टीमने स्वतःपुरतं ठरवलेलं माप आहे, दुसऱ्या टीमच्या मापाशी त्याची तुलना होत नाही. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडमध्ये वेलॉसिटी आणि स्टोरी पॉइंट यांचा उल्लेखसुद्धा नाही. त्याच गाइडने 2011 मध्ये स्प्रिंटमधल्या कामांसाठी ‘कमिटमेंट’ (वचन) काढून ‘फोरकास्ट’ (अंदाज) आणलं. 2020 मध्ये स्प्रिंटच्या कामांसाठी कमिटमेंट परत आली, पण ती स्प्रिंट गोलशी (स्प्रिंटच्या उद्दिष्टाशी) जोडून. पॉइंटच्या बेरजेशी नाही.

वरच्यांना आकडा हवाच असतो, आणि त्यात चूक काही नाही. त्यांना हे आकडे द्या: स्टोरी हातात घेतल्यापासून प्रॉडक्शनला जाईपर्यंत किती दिवस लागले, महिन्यात किती वेळा रिलीज झालं, त्यातली किती बिघडली, बिघडलेलं किती वेळात सावरलं. ही चार मापं फुगवायला पॉइंटपेक्षा बरीच अवघड आहेत.

क्लायंट न्यू जर्सीत. प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) तिकडेच. एखाद्या स्टोरीत शंका आली की उत्तराला दिवस जातो. रोजचा स्टँडअप (छोटी बैठक) रात्री साडेआठला असतो आणि तो पाऊण तास चालतो. घरी जेवायला सगळे थांबलेले असतात. (सीनियर डेव्हलपर, हिंजवडी फेज 3)

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं, एरवी साडेदहा. तुम्हाला सकाळी अकराला शंका आली की तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. तिकडचे नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, आणि कंपनीची बस तोवर भूमकर चौकाच्या गर्दीत. उत्तर तुम्ही वाचता दुसऱ्या दिवशी. एकाच स्टोरीत अशा तीन शंका एकापाठोपाठ आल्या की दहा दिवसांच्या स्प्रिंटमधले तीन दिवस गेले. इथे कोडिंगचा वेग दुप्पट केलात तरी फारसा फरक पडणार नाही.

म्हणून शंका स्प्रिंटच्या आधी काढा. पुढच्या स्प्रिंटच्या स्टोऱ्या आठवडाभर आधी समोर घ्या, आणि प्रत्येकीबरोबर दोन-तीन ठोस उदाहरणं लिहून घ्या: ग्राहकाने हे केलं तर पडद्यावर हे दिसावं. दुसरी गोष्ट, छोटे निर्णय पुण्यातच घेता येतील असा माणूस क्लायंटकडून मागून घ्या. इथे पुष्कळ कंपन्या ‘प्रॉक्सी प्रॉडक्ट ओनर’ नेमतात आणि त्याला अधिकार मात्र काहीच देत नाहीत. तो मग निरोप्या होतो, आणि वाट पाहण्यात आणखी एक थांबा वाढतो. बटणावरचा मजकूर काय असावा एवढं तरी त्याला ठरवता आलं पाहिजे.

स्टँडअप सकाळी करा, तुमचा तुम्ही, पंधरा मिनिटांत. ती बैठक काम करणाऱ्यांची आहे, क्लायंटला हजेरी देण्याची नव्हे. संध्याकाळचा सामाईक तास फक्त निर्णयांसाठी ठेवा, आणि ज्याचा निर्णय अडला आहे त्यानेच थांबावं. बाकीच्यांनी घरी जाऊन गरम जेवावं.

रिलीजला तीन महिने आहेत आणि आम्ही मागे आहोत. मॅनेजमेंट सहाच्या टीममध्ये आणखी चार जण देत आहे. त्यात आमचा सगळ्यात जुना डेव्हलपर 90 दिवसांच्या नोटिशीवर आहे. (प्रोजेक्ट मॅनेजर, मगरपट्टा)

उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं घातली की तो आणखी लांबतो, हे सॉफ्टवेअर इंजिनिअर फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं. सहा जणांत बोलण्याच्या जोड्या 15 होतात, दहा जणांत 45. शिवाय नव्या चौघांना केटी (कामाची माहिती) देणार कोण? जो काम ओढतोय तोच.

एकच माणूस घ्या, आणि तो जाणाऱ्या डेव्हलपरच्या जोडीला बसवा. केटीचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ नंतर कुणी उघडत नाही. दोघांनी मिळून खऱ्या स्टोऱ्या करायच्या, की-बोर्ड नव्याच्या हातात. उरलेल्या तिघांऐवजी स्कोपमधून (ठरलेल्या कामातून) काय वगळता येईल ते क्लायंटशी बोला. हे बोलणं नकोसं असतं, म्हणून माणसं मागितली जातात.

एमबीएच्या प्रोजेक्टसाठी विचारते. अजाइल टीमचं यश ठरवणारे घटक कोणते, असं काही संशोधन आहे का? (विद्यार्थिनी, कोथरूड)

चाउ आणि काओ यांचा 2008 मधला अभ्यास घे. 25 देशांतल्या 109 प्रोजेक्टची त्यांनी पाहणी केली. ठळकपणे टिकले ते तीन घटक: कामाचे तुकडे करून महत्त्वाचे तुकडे आधी आणि सतत देत राहणं, इंजिनिअरिंगच्या चांगल्या सवयी आणि टीमची कुवत. वरिष्ठांचा भक्कम पाठिंबा मात्र निर्णायक असल्याचा पुरावा मिळाला नाही. तुझ्या गाइडना हे आवडेल असं नाही. अभ्यास जुना आहे आणि माहिती लोकांनी स्वतःच भरलेली होती, हे मर्यादांच्या प्रकरणात लिही.

रेट्रोमध्ये (स्प्रिंटनंतर काय चुकलं ते बोलायच्या बैठकीत) कुणीच काही बोलत नाही. ‘सगळं छान चाललंय’ म्हणून दहा मिनिटांत संपतो. मग कॅन्टीनमध्ये चहावर खरं काय ते निघतं. मी टीममध्ये सगळ्यात ज्युनिअर आहे. मी बोलू का? (डेव्हलपर, खराडी)

तुझ्या रेट्रोत अप्रेझल करणारा मॅनेजर बसतो का, हे तू लिहिलं नाहीस. बसत असेल तर उत्तर तिथेच आहे. मार्च-एप्रिलच्या तोंडावर कोण म्हणेल की अंदाज चुकला, किंवा तो बग माझ्यामुळे गेला? एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये एका कंपनीतल्या टीम अभ्यासून दाखवलं की जिथे चूक कबूल करायला आणि मदत मागायला भीती वाटत नाही, तिथे टीम जास्त शिकते आणि तिचं कामही सरस होतं. आपल्याकडे ‘सरांसमोर कसं बोलायचं’ हा संकोच वेगळाच. त्यामुळे बुधवारी अडलेली गोष्ट शुक्रवारी डेमोच्या तासाभर आधी कळते.

पहिलं बोलणं तुझ्यावर येऊ नये, ते लीडचं काम. तू त्यांना एकटं गाठ आणि दोन गोष्टी सुचव: पुढच्या रेट्रोला मॅनेजर नको, आणि सुरुवातीला प्रत्येकाने नाव न घालता एक चिठ्ठी लिहायची. लीडने त्यात स्वतःचा एखादा चुकलेला निर्णय लिहिला तर उत्तम. आणि रेट्रोतून निघालेली एक तरी गोष्ट पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये (कामांच्या यादीत) नाव-तारखेसह गेली पाहिजे, नाहीतर तिसऱ्या रेट्रोला लोक पुन्हा ‘सगळं छान’वर येतात.

स्प्रिंट दोन आठवड्यांचा ठेवावा की तीन? (मगरपट्टा)

दोन. गणपतीत आणि दिवाळीत मात्र सुट्ट्या मोजून काम कमी घ्या, स्प्रिंट लांबवू नका.