घरी केलेली वाइन विकतच्यापेक्षा जास्त का चढते?

बहुतेकदा ती खरोखरच जास्त कडक असते, पण 'घरची' म्हणून नव्हे, तर साखर अंदाजाने पडते म्हणून. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर पूर्ण आंबली की सुमारे 1 टक्का अल्कोहोल वाढतं. म्हणजे 5 लिटरच्या बरणीत 250 ग्रॅम साखर जादा गेली, तर 12 ची वाइन थेट 15 टक्क्यांवर. वाइनचं यीस्ट तिथपर्यंत सहज पोचतं, ब्रेडचं मात्र बऱ्याचदा 10 च्या आसपास थकतं. मग उरलेली साखर गोड लागते आणि अल्कोहोल लपवते, त्यामुळे घोट मोठे होतात. त्यात पेला पाणी प्यायचा, मोठा! 12 टक्क्यांच्या 150 मिलीत 18 मिली शुद्ध अल्कोहोल, तर 15 टक्क्यांच्या 250 मिलीत साडेसदतीस. दुपटीहून जास्त.

घसा जाळणारी प्रत्येक वाइन कडक असतेच असं नाही. मिश्रण 30 अंशांच्या वर आंबलं की जड अल्कोहोलं तयार होतात. चव तिखट लागते, टक्केवारी तीच राहते.

खात्री करायची तर हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) वापरा:

- यीस्ट घालण्याआधीचं रीडिंग, समजा 1.090
- आंबणं थांबल्यावरचं, समजा 0.998
- फरक गुणिले 131, म्हणजे सुमारे 12 टक्के

पहिलं रीडिंग राहून गेलं असेल तर नुसत्या शेवटच्या रीडिंगवरून टक्केवारी निघत नाही. आणि हे सगळं फक्त आंबवलेल्या पेयांना लागू. गाळलेल्या दारूचा हिशेब वेगळा आणि धोकाही.