सध्या बाबांना 'माझा प्रवास' वाचून दाखवतेय

तुम्ही विचारलंय की सध्या कुठलं पुस्तक वाचताय, कसं वाटतंय आणि दुसऱ्याला वाच म्हणून सांगाल का. तर सध्या विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' चालू आहे, पण मी ते एकटी वाचत नाहीये, बाबांना वाचून दाखवतेय. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिवसातून चार वेळा ड्रॉप, पेपर बंद, मोबाईल बंद. एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसला की घरातल्या सगळ्यांचं डोकं खातो. म्हणून रात्री जेवणं आटपली की अर्धा तास मी मोठ्याने वाचते.

आधी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली होती, नाव नाही सांगत, लोकांना फार आवडते ती. तिसऱ्या पानावर सूर्य उगवायचा संपेना आणि बाबा घोरायला लागले. मग लायब्ररीत हे दिसलं आणि उचललं, कारण काय तर लेखक वरसईचा. आमचं गाव पेण तालुक्यातलंच, पण वरसईचं नाव आमच्या कानावर यायचं ते बाळगंगा धरणाच्या बातम्यांत. तिथला एक भटजी झाशीला वेढा पडला तेव्हा झाशीत होता आणि त्याने ते सगळं लिहून ठेवलंय हे मला चाळिशी ओलांडली तरी माहीत नव्हतं. लाज वाटली जरा.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरावर कर्ज झालेलं, त्यात कानावर आलं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर सुटणार. मग हा तिशीच्या आसपासचा माणूस रामभट काकांना बरोबर घेऊन पायी उत्तरेला निघाला, आणि मुहूर्त कुठला साधला तर १८५७ सालची सुरुवात. महूच्या अलीकडे वाटेत शिपाई भेटले, त्यांनी काडतुसांचं सांगितलं आणि म्हणाले भटजी पुढे जाऊ नका, भडका उडणार आहे, आणि उडालाच. पुढची दोन-अडीच वर्षं ही काका-पुतण्याची जोडी त्याच धुमाळीतून फिरत राहिली, धार, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी असं करत. हे सगळं त्यांनी लिहून काढलं १८८३ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि छापून यायला १९०७ साल उजाडलं, कारण इंग्रजांच्या राज्यात असलं काही छापायची कोणाची छाती होती.

आता कसं वाटतंय. मला वाटलेलं की हे सत्तावन्नच्या बंडाचं पुस्तक असेल, तलवारी, तोफा वगैरे. आहे, तेही आहे. पण माणूस निघालाय पैसे कमवायला आणि ते तो एका पानालाही विसरत नाही, आणि मला हे पुस्तक खरं वाटतं ते त्यामुळेच. कुठे अनुष्ठान मिळालं, कोणाकडे जेवण चांगलं होतं, कुठे दानधर्म चालू आहे, हातात किती आले, सगळं सांगतो. शौर्य बघायला गेलेला माणूस शौर्यच बघून आला असता, हा दक्षिणा मिळवायला गेला म्हणून त्याला बाजार दिसला, स्वयंपाकघरं दिसली, लोकांची घाबरगुंडी दिसली आणि स्वतःचीही दिसली, तीही लपवत नाही.

बाबांना तर हाच भाग पसंत पडला. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी माझ्या लेकीला कामाला लावलं, जुन्या कालनिर्णयच्या पानाच्या मागे दोन रकाने पाडायला सांगितले, 'जमा' आणि 'गेले', आणि मी वाचता वाचता आकडा आला की बाबा "थांब बाय, लिहू दे तिला" म्हणणार. ट्रीप संपल्यावर डेपोत कॅश भरायची सवय, दुसरं काय. लेक आठवीत आहे, तिला दोन दिवस कंटाळा आला, आता ती स्वतःच पान घेऊन बसते.

झाशीत शिरलो तेव्हा वेग एकदम कमी झाला, अर्ध्या तासात चार-पाच पानंच व्हायची. कारण इथे राणीचा रोजचा दिनक्रम येतो, पहाटे उठून मल्लखांब, घोड्यावर रपेट, मग स्नान, पांढरं पातळ, तुळशीची पूजा, आणि रोज रामनामाच्या ११०० चिठ्ठ्या लिहून त्या कणकेच्या गोळ्यांत घालून माशांना टाकायच्या. बाबा म्हणाले, "अकराशे? रोज? मग राज्य कधी चालवायची?" आणि लगेच पुढचं वाक्य आलं की दुपारनंतर कचेरीत बसून कामकाज बघायची, तेव्हा गप्प बसले. थंडीत भिकाऱ्यांना कुडकुडताना पाहिलं म्हणून गावातल्या सगळ्या गोरगरिबांना टोपी, बंडी आणि घोंगडी वाटायचा हुकूम सोडला, हेही आहे. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत फक्त पाठीला पोर बांधून घोड्यावरची उडी.

मग वेढा. मार्च-एप्रिल १८५८, इंग्रज सेनापती ह्यू रोजचं सैन्य. तोफांचे गोळे रात्री कसे दिसतात, घरात दडून बसायचं तर किती तास बसायचं, प्यायला पाणी नाही, बाहेर हलवाईपुरा पेटलेला. आणि शहर पडल्यावर लूट, तीही पद्धतशीर, आधी सोनं-नाणं, मग तांबं-पितळ, मग कपडे, मग धान्य. काका-पुतण्याने इतके महिने साठवलेली दक्षिणा त्यातच गेली. लेकीने 'गेले'च्या रकान्यात लाल पेनने रेघ मारली आणि म्हणाली, "आजोबा, बॅलन्स झिरो." बाबा हसले नाहीत. झाशीचं ग्रंथालय होतं, लांबून लांबून पोथ्या नकलून आणलेल्या, त्याची नासधूस झाली तेव्हा या माणसाला जे वाटलंय ते वाचताना माझाच आवाज बसला, खोकल्याचं निमित्त करून उठले.

आणि तो विहिरीचा प्रसंग. हा कुठे ना कुठे उद्धृत केलेला असतो, मीही व्हॉट्सअपवर वाचला असेल, पण क्रमाने तिथपर्यंत पोचल्यावर वेगळाच लागतो. झाशी पडली, हे दोघं जीव मुठीत धरून काल्पीच्या वाटेला लागलेत, पहाटे एका विहिरीवर पाणी काढायला थांबलेत आणि समोरून घोड्यावरून राणी येते. अंगावर पठाणी पोशाख, सगळी धुळीने माखलेली, तोंड सुकलेलं. भटजी ओळखतात, पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि मडकं विहिरीत सोडून स्वतः पाणी ओढते आणि ओंजळीने पिते. मग म्हणते की मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला विधवेला हा उद्योग करायची काय गरज होती. एवढंच. भाषण नाही काही नाही, घोड्यावर बसून निघून जाते.

मी पुस्तक खाली ठेवलं. मला वाटलं बाबा काहीतरी बोलतील राणीबद्दल. ते म्हणाले, "दोर कोणाचा होता?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस लोटा आणि दोर बरोबर घ्यायचा, त्यांचे आजोबा पेणच्या बाजाराला जातानासुद्धा घ्यायचे. "भटजींचाच असणार. तिच्याकडे त्या घडीला दोर कुठला." आणि कूस बदलून झोपले. मी बराच वेळ त्या दोराचाच विचार करत बसले होते, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जीएसटीचं रिटर्न भरतानासुद्धा.

आता खटकलेलंही सांगते, नाहीतर म्हणाल नुसतं कौतुक चाललंय. एक म्हणजे सोवळं-ओवळं आणि जातपात, माणूस त्याच्या काळाचा आहे हे मान्य, तरी काही पानांवर दात-ओठ खात वाचावं लागतं आणि लेक शेजारी बसलेली असली की मध्येच थांबून समजावावं लागतं. बायकांबद्दलच्या बाजारगप्पा तर विचारू नका, राणीचे नवरे गंगाधरराव, त्यांच्याबद्दलच्याही. दुसरं, हे लिहिलंय पंचवीसेक वर्षांनी आठवणीवर, त्यामुळे कोण काय बोललं ते शब्दन् शब्द तसंच असेल असं धरून चालू नये. बंड का झालं याची जी कथा तो सांगतो, इंग्रजांनी धर्म बुडवायला चौऱ्याऐंशी कलमं काढली वगैरे, तो इतिहास नव्हे, पण तेव्हा लोक पारावर बसून काय बोलत होते ते त्यात सापडतं आणि मला तेच जास्त मोलाचं वाटलं.

घ्यायचं असेल तर आवृत्ती बघून घ्या. १९०७ च्या पुस्तकात वैद्यांनी बरीच काटछाट आणि दुरुस्ती केलेली, मूळ हस्तलिखितावरून जसंच्या तसं दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढलं. आम्ही वाचतोय ते पोतदारांचं. भाषा जुनी, 'जाहाले' आणि 'मजला', वाक्य एकदा सुरू झालं की पानाच्या तळाशीच थांबणार. मी मनातल्या मनात वाचायला घेतलं तेव्हा दहा पानांत दमले होते, मोठ्याने वाचायला लागले आणि एकदम सुटलं, कारण तो लिहित नाहीये, ओसरीवर बसून सांगतोय. मराठी वाचायला जड जाणारं कोणी असेल, माझी न्यू जर्सीतली मावसबहीण तशी आहे, तर अमृतलाल नागरांचं हिंदी भाषांतर आहे, इंग्रजीतही आहेत, एक मृणाल पांडे यांचं आणि एक प्रिया आडारकर-शांता गोखले यांचं. बहिणीला इंग्रजी पाठवलं तर तिचा मेसेज आला की हा भटजी म्हणजे आपले अण्णाकाकाच आहेत, जाईल तिथे जेवणाची चौकशी.

बाकी आजूबाजूला म्हणाल तर ऑफिसातली एक मैत्रीण लोकलमध्ये 'मृत्युंजय' ऐकतेय, ऐकून पन्नास टक्के झालंय म्हणते, पुस्तकाचे टक्के कधीपासून व्हायला लागले देव जाणे. मी कॉलेजात वाचलेलं, तेव्हा रडले होते, आता परत उघडायचा धीर होत नाही, आवडलं नाही तर काय घ्या.

तर आम्ही आता परतीच्या वाटेवर आहोत. भटजींकडे रोकड म्हणावी तशी नाहीच, खांद्यावर कावड आहे, गंगेचं पाणी, आईवडिलांना त्याने अंघोळ घालायची म्हणून ते तिकडून वरसईपर्यंत पायी आणायचं. बाबा रोज विचारतात, "कर्ज फिटलं का गं त्याचं?" मी शेवटची पानं दुपारी गुपचूप वाचून काढलीत, पण त्यांना सांगितलं नाही, म्हटलं पोचू तेव्हा कळेल. पुस्तक शनिवारी परत करायचंय आणि आमच्या लायब्ररीत दिवसाला दोन रुपये दंड आहे. काल म्हटलं जरा भराभर वाचून संपवते, तर म्हणाले, "दंड मी भरतो, तू सावकाश वाच. तो चालत येतोय."