बाळ आठ महिन्यांचं झालं तरी रांगत नाही. वाढ मागे पडली आहे का?

तुम्ही जे लिहिलंय, त्यात नुसतं रांगत नाही एवढ्यावरून घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. पण काही गोष्टी या आठवड्यात घरीच बघून घ्या. काळजीचं कारण असलंच तर ते रांगण्याच्या आधी दुसरीकडे दिसतं.

मुलगी ३४ आठवड्यांची जन्मली, दहा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती, हात टेकवल्याशिवाय बसत नाही आणि शेजारचं सात महिन्यांचं बाळ घरभर रांगतं, असं तुमचं म्हणणं. इथे मुळात वयाचा हिशोब चुकतोय. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ती सहा आठवडे आधी आली, तेवढे आठ महिन्यांतून वजा करा. उरले साडेसहा महिने. याला सुधारित वय म्हणतात, विकास बघताना दोन वर्षांची होईपर्यंत हेच वय धरायचं. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या, त्या सहा आठवडे पुढे ढकलू नका. बऱ्याच घरांत ही गल्लत होते.

साडेसहा महिन्यांचं बाळ दोन्ही हात पुढे टेकवून थोडा वेळ बसतं, ते अगदी वेळेवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी केली होती, तिचे आकडे २००६ मध्ये आले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, रांगणं ५.२ ते १३.५, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. एवढी मोठी तफावत निरोगी बाळांमध्येच असते. त्यातली शंभरातली चारेक बाळं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बुडावर सरकतं, कुणी पोटावर फरफटत जातं, कुणी दिवाणाची कड धरून थेट उभंच राहतं.

म्हणून तारखेपेक्षा क्रम बघा. ताकद वरून खाली उतरते: आधी मान, मग खांदे, मग कंबर, शेवटी पाय. तिला उताणी झोपवा, दोन्ही हात धरून हळूहळू बसती करा. या वयात डोकं अंगाबरोबर वर यायला हवं. मागे लोंबत राहिलं, तर रांगण्याची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मग हात. खुळखुळा तिच्या छातीसमोर अगदी मधोमध धरा आणि कुठला हात येतो ते बघा. पाच-सहा वेळा करा, वेगवेगळ्या दिवशी करा. दर वेळी एकच हात येत असेल तर तो हात अलगद धरून ठेवा आणि दुसरा पुढे येतो का बघा. 'डावखुरी होणार बहुतेक' असं कौतुकाने म्हटलं जातं, पण पहिल्या वर्षात दोन्ही हात सारखेच चालायला हवेत. एक बाजू मागे राहणं, किंवा तीन महिन्यांनंतरही मूठ घट्ट आवळलेली राहणं, हे रांगायला उशीर होण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं लक्षण आहे.

कानांची तपासणी घरोघरी चुकते, कारण आपण समोर उभं राहून टाळी वाजवतो. बाळ आवाजाकडे नाही, हलणाऱ्या हातांकडे बघतं. एकाने तिला मांडीवर घेऊन समोर शांत खेळण्यात गुंतवायचं. दुसऱ्याने मागून, कानापासून हातभर अंतरावर, वाटीवर चमचा हलकेच वाजवायचा. सावली पडू देऊ नका, बांगड्या काढून ठेवा. दोन्ही बाजूंना मान वळायला हवी. वळली तरी, एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची बेरा ही श्रवणचाचणी झाली आहे का ते डिस्चार्ज कार्डवर शोधा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही तिथेच सापडेल. नोंद नसेल तर डॉक्टरांना विचाराच.

सासूबाई म्हणतात तो वॉकर आणू नका. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत फिरतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि उंबऱ्यावरून उलटण्याची भीती वेगळीच. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. तिला हवी आहे ती जमीन. दिवसभर कडेवर किंवा पाळण्यात असलेल्या बाळाला रांगायचा सरावच मिळत नाही. गादीवर नको, तिथे हात रुततात. फरशीवर सतरंजी घाला, मोजे काढा, गुडघे उघडे ठेवा. दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाला की पालथी घाला, एका वेळी तीन ते पाच मिनिटं, असं दिवसभरात मिळून किमान अर्धा तास. कुरकुरली तर छातीखाली टॉवेलची गुंडाळी द्या आणि तुम्ही समोर पालथ्या झोपा. आवडतं खेळणं हाताच्या टप्प्यापेक्षा चार बोटं पुढे ठेवा. फार लांब ठेवलं तर ती प्रयत्नच सोडते.

महिन्यागणिक तक्ता हवाच असेल तर तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राचा टीडीएससी वापरा. दोन वर्षांपर्यंतच्या १७ गोष्टी, प्रत्येकीची एक आडवी पट्टी. त्यामागे प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर केलेली मोजमापं आहेत. तक्त्यावर साडेसहा महिन्यांपाशी पेन्सिल उभी धरायची. जी पट्टी पेन्सिलच्या पूर्ण डावीकडे संपली, ती गोष्ट बाळाला यायलाच हवी. पेन्सिल ज्या पट्ट्यांना छेदते, त्यांना अजून वेळ आहे.

पुढच्या दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. आधी येत असलेलं काही गेलं, म्हणजे हसायची ती हसेनाशी झाली, आवाज काढायची ती गप्प झाली, तर वय काहीही असो, लगेच दाखवा. आणि झोपेतून उठल्यावर मान किंवा अंग झटकन पुढे दुमडतं, हात पसरतात, काही सेकंदांनी पुन्हा तेच, असे झटके ओळीने आले तर 'दचकते' किंवा 'पोटात दुखतंय' म्हणून सोडू नका. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो व्हिडिओ बघून डॉक्टरांना जे कळतं, ते सांगून समजत नाही.

यातलं काही आढळलं नाही तर सुधारित वयाने नऊ महिने पूर्ण होण्याची, म्हणजे जन्मतारखेपासून साडेदहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोवर हात न टेकता बसली नाही तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत न्या. तिथे तपासणी आणि फिजिओथेरपी मोफत होते. अंगणवाडी सेविकेला सांगितलंत तर ती पुढचं दाखवून देईल.